कालिया टेबलावर टिकतच नाही – ताकदीचा कमांडर नेमका कधी उतरवायचा?

रातवा

मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाचा कमांडर फॉरमॅट (डेकचा एक ठरलेला नायक म्हणजे कमांडर, तो ‘कमांड झोन’ या वेगळ्या जागेतून उतरवायचा आणि मेला तरी तिथे परत घेता येतो) खेळायला लागून मला वर्ष होत आलं. पहिल्या दिवसापासून एकच डेक आहे, कालिया ऑफ द व्हास्टचा. ज्यांनी हे कार्ड हाताळलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: लाल, पांढरा, काळा असे तीन रंग, एकूण चार माना (कार्ड उतरवायची किंमत, ती मुख्यतः लँड कार्डांतून मिळते), २/२ (दोन ताकद, दोन तग), उडणारी. ती एखाद्या प्रतिस्पर्ध्यावर चाल करून गेली की हातातलं एक एंजल, डीमन किंवा ड्रॅगन थेट टेबलावर ठेवता येतं, तेही त्याच प्रतिस्पर्ध्यावर चाल करत असलेलं. सात-आठ मानांचं कार्ड, एक माना न देता.

कागदावर याहून जबरदस्त नायिका मला तरी माहीत नाही. टेबलावर मात्र ती एक फेरीसुद्धा जगत नाही. चौथ्या टर्नला चार लँड झाल्या की मी तिला उतरवतो, आणि माझी पुढची टर्न येईपर्यंत कुणीतरी तिला मारलेलं असतं. मग टॅक्स, म्हणजे कमांड झोनमधून तिला परत उतरवताना दर वेळी दोन माना जास्त. सहा माना, मग आठ. तोवर हातात पाच राक्षस (त्या महागड्या एंजल, डीमन, ड्रॅगनांना मी राक्षसच म्हणतो) अडकून पडलेले असतात आणि मी नुसता बघत बसतो. गेल्या सहा डावांत कालियाने एकूण दोनदा चाल केली आहे. दोनदा!

डेकमध्ये एंजल, डीमन, ड्रॅगन मिळून ३१ आहेत, लँड ३४, सोल रिंग धरून माना देणाऱ्या सहा वस्तू. बाकी थोडं रिमूव्हल (समोरचं कार्ड घालवणारी कार्डं), थोडी कार्डं ओढायची सोय. माझं नशीब खराब आहे की खेळ?

हुकुमएक्का

३१ बघूनच कळलं. नशिबाला बोल लावू नका. पण बाकीच्यांना बोलू द्या, मी नंतर येतो, कारण माझं मत बहुतेकांना पटणार नाही.

गणितवेडी

नशीब नाही, हे आकड्यांत दाखवता येतं. टेबलावर चौघं आहात असं धरते. चौथ्या टर्नपर्यंत प्रत्येकाने सुरुवातीची ७ आणि ओढलेली ४ अशी ११ कार्डं पाहिलेली असतात. जास्त जण खेळतात तेव्हा पहिला खेळाडूही पहिल्या टर्नला कार्ड ओढतो, म्हणून सगळ्यांचा हिशोब सारखाच.

प्रत्येकाच्या ९९ कार्डांत एका क्रीचरला (टेबलावर लढणाऱ्या कार्डाला) घालवू शकतील अशी १० कार्डं असली, तर एका खेळाडूच्या हाताला त्यांतलं एकही न लागण्याची शक्यता साधारण २९ टक्के. तिघांच्याही हाताला न लागण्याची शक्यता २९ टक्क्यांचा घन. म्हणजे अडीच टक्क्यांच्याही आत. शंभर डाव खेळलात तर जेमतेम दोन-तीन डावांत तुमच्या कालियाला समोरून काहीच धोका नसेल.

आता कार्ड हाताला लागलं म्हणजे त्या क्षणी मारायला माना मोकळे असतातच असं नाही, आणि काही कार्डं तोवर दुसऱ्या कुणावर खर्चही झालेली असतात. पण तुम्ही कालिया उतरवून टर्न संपवता तेव्हा तिघांनाही आपापली अख्खी टर्न मिळते, सगळे माना सोडवून. तुम्हीच त्यांना वेळ देताय.

जुनापत्ता

गणितवेडीने मुळावर बोट ठेवलं. कालिया मरते ही अडचण नाहीच, ती काही न करता मरते ही अडचण आहे. ती उतरली त्याच टर्नला चाल करून गेली पाहिजे. मग नंतर मेली तरी तिने आपलं काम केलेलं असतं.

त्यासाठी हेस्ट हवं, म्हणजे उतरल्याच टर्नला चाल करायची मुभा. लाइटनिंग ग्रीव्ज दोन मानांचे, अंगावर चढवायला शून्य. स्विफ्टफूट बूट्स दोन मानांचे, चढवायला एक. दुसऱ्या टर्नला ग्रीव्ज पडले तर चौथ्या टर्नला कालिया उतरून लगेच चाल करते. बूट्स असतील तर पाचव्या टर्नला. शिवाय फर्वर आहे, ग्रेव्हयार्डमधून (मेलेल्या, टाकलेल्या कार्डांच्या ढिगातून) काम करणारा अँगर आहे (तुमच्याकडे एक माउंटन असली की झालं), हॉल ऑफ द बँडिट लॉर्ड नावाची लँड आहे, जी तीन लाइफ घेऊन क्रीचरला हेस्ट देते.

तुमच्या यादीत यातलं काय काय आहे?

रातवा

फक्त ग्रीव्ज. ३१ पैकी एकही काढायला हात धजावत नाही हे खरं.

गणितवेडी

मग हेही बघा. ११ कार्डांत हेस्ट देणारं निदान एक कार्ड दिसण्याची शक्यता: डेकमध्ये अशी ५ असतील तर ४५ टक्के, ८ असतील तर ६२ टक्के, १० असतील तर ७१ टक्के. तुमच्याकडे एकच आहे, म्हणजे ११ टक्के.

आणि राक्षसांचं: ३१ ठेवले तर ११ कार्डांत सरासरी साडेतीन राक्षस येतात. कालिया एका चालीत एकच आणते, बाकीचे हातात ओझं होऊन राहतात. १८ ठेवले तरी निदान एक हातात असण्याची शक्यता ९० टक्के आहे. १३ जागा मोकळ्या होतात आणि तुमचं जवळजवळ काहीच जात नाही.

नियमवही

हेस्टबद्दल बोलणं चाललंय तर एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे पुष्कळ जण चुकतात.

कालियाची चाल जाहीर झाली की तिची क्षमता ट्रिगर होऊन (आपोआप सुरू होऊन) स्टॅकवर, म्हणजे घडायची वाट पाहणाऱ्या गोष्टींच्या चळतीवर, जाते. त्यानंतर कुणी कालियाला मारलं तरी ट्रिगर स्टॅकवर राहतोच आणि राक्षस टेबलावर येतोच. म्हणजे समोरच्याला तिला थांबवायचं असेल तर चाल जाहीर होण्याआधीच मारावं लागतं: ग्रीव्ज चढवत असताना त्याला उत्तर म्हणून, किंवा कॉम्बॅटच्या सुरुवातीला. त्यासाठी हातात इन्स्टंट (दुसऱ्याच्या टर्नमध्येही खेळता येणारं कार्ड) हवं आणि तुमच्या टर्नमध्ये त्याचे माना मोकळे हवेत. रॅथ ऑफ गॉडसारखी सॉर्सरी (सगळी क्रीचर मारणारं, पण फक्त स्वतःच्या टर्नला खेळता येणारं कार्ड) त्या टर्नला निरुपयोगी.

राक्षस कास्ट होत नाही (माना देऊन खेळला जात नाही), हातातून ठेवला जातो. त्यामुळे काउंटरस्पेल (कास्ट होणारं कार्ड रोखणारं कार्ड) त्याला लागू पडत नाही. पण याची दुसरी बाजू अशी की ‘कास्ट केल्यावर’ घडणाऱ्या गोष्टी घडत नाहीत. आणि तो चाल करत ‘आलेला’ असतो, त्याने चाल ‘केलेली’ नसते. ऑरेलिया द वॉरलीडर कालियातून आणून दुसरं कॉम्बॅट मागणारे मी कितीतरी पाहिलेत. मिळत नाही. त्या टर्नला ऑरेलियाची चाल जाहीरच झालेली नसते.

आणखी एक. कालियाचा मजकूर प्रतिस्पर्ध्यावर चाल केल्याचा आहे. त्याच्या प्लेन्सवॉकरवर (ज्याच्यावर वेगळी चाल करता येते अशा साथीदार कार्डावर) चाल केलीत तर काही येणार नाही.

कवडसा

मी अजून नवा आहे, वाचतोय. मास्टर ऑफ क्रुएल्टीज मग चालतो का? त्याच्यावरही ‘चाल करतो आणि ब्लॉक होत नाही’ असंच लिहिलंय.

नियमवही

चांगला प्रश्न. तो चालतो, कारण त्याचा ट्रिगर ब्लॉकर जाहीर होतानाचा आहे. तो चाल करत असलेला आहे आणि कुणी त्याला ब्लॉक केलं नाही, एवढं पुरतं. समोरच्याचं लाइफ १ होतं, कालियाचे दोन डॅमेज पडतात, तो खेळाडू बाद. एरवी त्याला एकट्यानेच चाल करायची अट आहे, पण ती चाल जाहीर करतानाची. मागून येऊन सामील व्हायला ती आड येत नाही.

लक्षात ठेवा, तो उडत नाही. समोर एक जरी मोकळं क्रीचर असलं तरी ते त्याला ब्लॉक करेल. ज्याच्याकडे सगळी क्रीचर टॅप झालेली (आडवी, म्हणजे वापरून झालेली) आहेत किंवा नाहीतच, त्याच्यावरच त्याला सोडायचा.

चंद्रकोर

मी मुख्यतः फ्लेश अँड ब्लड हा दुसरा पत्त्यांचा खेळ खेळते. तिथे हिरो पहिल्या क्षणापासून टेबलावर असतो, त्याचं लाइफ म्हणजेच तुमचं लाइफ, आणि तो पडला की डाव संपला. त्यामुळे ‘कधी उतरवू’ हा प्रश्न तिथे नाहीच. हा धागा वाचून जाणवलं की कमांडरमधली खरी कला त्या एका प्रश्नातच आहे. वाचत राहीन.

जुनापत्ता

चंद्रकोर, खरं आहे. आणि हा प्रश्न नियम बदलले तसा बदलत गेलाय. थोडं मागचं सांगतो, विषयाला धरूनच आहे.

लेजंडरी क्रीचर (कालियासारखी, कमांडर होऊ शकणारी) १९९४ च्या लेजंड्स सेटमध्ये आली. त्यांच्याबाबतचा नियम पुढे अनेकदा बदलला. २००४ पासून असं होतं की एकाच नावाची दोन लेजंडरी टेबलावर आली, मग ती कुणाचीही असोत, की दोन्ही ग्रेव्हयार्डमध्ये. त्यामुळे साधं क्लोन हे कमांडर मारायचं हत्यार होतं. कमांडरची नक्कल करायची, दोन्ही जायची. २०१३ मध्ये ते संपलं. आता प्रत्येकाने फक्त स्वतःच्या बाजूचं बघायचं.

त्याहून भयंकर होतं ते कमांडरला लायब्ररीत (ओढायच्या पत्त्यांच्या गठ्ठ्यात) ढकलणं. केऑस वॉर्प कालियावर पडलं की ती डेकमध्ये शफल व्हायची आणि डाव संपेपर्यंत तोंड दाखवायची नाही. मार्च २०१५ मध्ये नियम बदलला आणि हातात किंवा लायब्ररीत जाणारा कमांडर कमांड झोनमध्ये वळवता येऊ लागला. कालिया २०११ ची, कमांडरसाठी म्हणून काढलेल्या पहिल्याच डेकांपैकी एकातली. म्हणजे पहिली चार वर्षं तिने हा मार खाल्लाय. तेव्हा आम्ही तिला सातव्या-आठव्या टर्नपर्यंत कमांड झोनमध्येच बसवून ठेवायचो. एकदाच उतरायची, पण डाव फिरवून जायची.

त्या सवयीतली एक गोष्ट मी आजही सोडलेली नाही. कमांड झोनमध्ये बसलेल्या कालियाला कुणी हात लावू शकत नाही. तिथे बसूनही ती खेळतच असते. ती कधी उतरेल या धास्तीने समोरचे आपली कार्डं राखून ठेवतात, माना मोकळे ठेवतात, स्वतःचा खेळ मंद करतात. उतरवली की ती धास्ती संपते आणि हातातली कार्डं बाहेर येतात.

हुकुमएक्का

आलो. जुनापत्ताशी इथेच माझं जुळत नाही.

समोरचे कार्डं राखून ठेवतात हे मान्य. पण मी वाट बघतो तेव्हा तेही लँड टाकत जातात. तिसऱ्या टर्नला समोरच्याकडे तीन माना असतात आणि त्याला स्वतःचंही काही उतरवायचं असतं. सातव्या टर्नला सात असतात: स्वतःचं काम करूनही दोन माना कालियासाठी मोकळे. उशीर केल्याने कालिया सुरक्षित होत नाही, उलट शत्रू सुखवस्तू होतो.

मी पहिली कालिया जमेल तितक्या लवकर टाकतो. सोल रिंग आली तर तिसऱ्या टर्नलाच. ती आमिष असते. कुणीतरी आपली टर्न मोडून तिला मारतो. ठीक. एक कार्ड गेलं, एक टर्न मंदावली, आणि माझा खर्च काय, तर पुढच्या वेळचे दोन माना जास्त. माझं एकही कार्ड गेलेलं नाही, कारण कमांडर परत येतोच. हा सौदा मी रोज करेन. दुसऱ्यांदा सहा मानांना येते तेव्हा समोरच्यांचं रिमूव्हल अर्धं संपलेलं असतं.

जुनापत्ता

सौदा चांगला आहे, पण रातवाच्या डेकमध्ये नाही. त्याच्याकडे ३४ लँड आणि सहा वस्तू आहेत. तो चौथ्या टर्नला चारही माना कालियावर घालतो, ती मरते, आणि पाचव्या टर्नला त्याच्याकडे करण्यासारखं काहीच नसतं, कारण हातात सगळी सात-आठ मानांची कार्डं. सहा माना जमेपर्यंत आणखी एक-दोन टर्न वाया. तुमच्याकडे मधल्या टर्नना करायला काय असतं?

हुकुमएक्का

ग्रेव्हयार्ड. हेच लिहायला परत आलो होतो.

फेथलेस लूटिंग एका मानाचं: दोन कार्डं ओढा, दोन टाका. टाकायचे ते मोठे राक्षस. मग रीॲनिमेट एका मानाचं, ॲनिमेट डेड दोन मानांचं. रीॲनिमेटमध्ये आणलेल्या क्रीचरच्या किमतीइतकं लाइफ जातं, पण कमांडरमध्ये आपण ४० पासून सुरू करतो. अवॅसिन, एंजल ऑफ होप आठ मानांची. आठ लाइफ देऊन ती दुसऱ्या टर्नला टेबलावर आली तर कोण नाही म्हणेल?

अशी पाच-सहा कार्डं घातली की हातात अडकलेला राक्षस ओझं राहत नाही. समोरच्यापुढे दोन दारं होतात. कालियाला मारलं तर ग्रेव्हयार्डमधून येतात, ग्रेव्हयार्ड साफ केलं तर कालिया आहेच. म्हणूनच मी तिला आमिष म्हणून खर्च करू शकतो.

जुनापत्ता

या बाबतीत पूर्ण सहमत. कालिया नसतानाही डेक चालला पाहिजे, मग ती कधी उतरवायची याचं स्वातंत्र्य मिळतं. तुम्ही ते लवकर उतरवायला वापरता, मी थांबायला वापरतो. रातवाकडे आज ते स्वातंत्र्यच नाही, चौथ्या टर्नला तिला उतरवण्यावाचून त्याच्याकडे दुसरं कामच नसतं.

रातवा

हे वाक्य मला फार लागलं, चांगल्या अर्थाने. मी इतके दिवस समजत होतो की मी तिला चौथ्या टर्नला उतरवायचं ठरवतोय.

मग बदल असे करतोय, बघून सांगा. राक्षस ३१ वरून १८. लँड ३६. हेस्ट आणि बचाव मिळून १०: दोन्ही बूट, फर्वर, अँगर, बँडिट लॉर्डची लँड, बोरोस चार्म, सायलेन्स, ग्रँड ॲबॉलिशर, आणखी दोन जागा रिकाम्या. ग्रेव्हयार्डची ५. राक्षसांत आल्या आल्या काम करणारे पुढे आणलेत, उदाहरणार्थ रून-स्कार्ड डीमन, तो टेबलावर येताच लायब्ररीतून हवं ते कार्ड हातात देतो. डॅमेज पडल्यावर काम करणारा बेलफायर ड्रॅगन ठेवलाय. ऑरेलिया काढली, नियमवही यांच्यामुळे.

ज्युएल्ड लोटस कुणाकडून तरी मिळण्यासारखं आहे. घालू का? फक्त कमांडरसाठी तीन माना देतं, इथे अगदी चपखल बसेल.

नियमवही

नको. सप्टेंबर २०२४ मध्ये ते कमांडरमध्ये बंदीच्या यादीत गेलं, माना क्रिप्ट आणि डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्टबरोबर.

सायलेन्स आणि ग्रँड ॲबॉलिशर हे मात्र उत्तम. वर मी इन्स्टंटची जी फट सांगितली ती ही दोन कार्डं बुजवतात. सायलेन्स एक, कालिया चार, ग्रीव्ज आधीच टेबलावर: पाच मानांत तुमच्या टर्नला कुणी स्पेल कास्ट करू शकत नाही. फक्त सायलेन्स क्षमता अडवत नाही, स्पेलच अडवतं. ॲबॉलिशर स्पेलही अडवतो आणि आर्टिफॅक्ट, क्रीचर, एन्चांटमेंटच्या क्षमताही, पण तो आधी जगायला हवा.

रिकाम्या दोन जागांपैकी एकीत कमांड बीकन. ही लँड त्यागली की कमांडर कमांड झोनमधून हातात येतो. टॅक्स फक्त कमांड झोनमधून कास्ट करताना लागतो, हातातून नाही. दोनदा मेलेली कालिया पुन्हा चार मानांना.

दुसरीत हाय मार्केट. का, ते पुढे सांगते.

ग्रीव्जबद्दलही सावध राहा. ते श्राउड देतात, म्हणजे तुमचं स्वतःचं कार्डही कालियाला लक्ष्य करू शकत नाही. बूट्स तिच्यावर चढवायचे असतील तर आधी ग्रीव्ज दुसऱ्या कुणावर तरी हलवावे लागतात. एकटी कालियाच टेबलावर असेल तर हलवायला जागाच नाही. म्हणून जुने खेळाडू आधी बूट्स चढवतात, मग ग्रीव्ज.

कवडसा

हाय मार्केट कशाला? ती क्रीचर त्यागून एक लाइफ देते ना फक्त?

नियमवही

हो, आणि नेमकं तेच हवं असतं. अनुभवी खेळाडू ताकदीच्या कमांडरला मारत नाहीत, कारण मेलेला परत येतो. ते त्याला टेबलावरच अडकवतात. डार्कस्टील म्यूटेशन घ्या: कालिया ०/१ चा किडा होते, सगळ्या क्षमता जातात, आणि वर ती अविनाशी होते, म्हणजे मरतही नाही. टेबलावर आहे म्हणून कमांड झोनमध्ये नाही, आणि उपयोग शून्य. अशा वेळी हाय मार्केटला तिचा त्याग करायचा, कमांड झोनमध्ये घ्यायची, पुन्हा उतरवायची.

याच कामाचं निळं कार्ड इम्प्रिझन्ड इन द मून. ते कालियाची लँड करतं. तिथे हाय मार्केट चालत नाही, कारण ती आता क्रीचरच नाही. त्यासाठी ते एन्चांटमेंटच उडवायला हवं, अँग्विश्ड अनमेकिंगने वगैरे. किंवा आपलंच केऑस वॉर्प आपल्याच कालियावर: लायब्ररीत जाताना ती कमांड झोनमध्ये वळते, आणि लायब्ररीच्या वरचं कार्ड कायम राहणारं असेल तर तेही टेबलावर येतं. जुनापत्ता म्हणतात ते २०१५ पर्यंतचं विष असं आता औषध झालंय.

चंद्रकोर

ही शेवटची गोष्ट वाचून फार आनंद झाला.

हुकुमएक्का

एक प्रश्न कुणी विचारला नाही: कमांडर डॅमेज. एकाच कमांडरचं २१ कॉम्बॅट डॅमेज लागलं की खेळाडू बाद. कालियाच्या नादात त्याकडे वळू नका. दोन दोन करत २१ व्हायला ११ चाली लागतात. झुर्गो हेल्मस्मॅशरसारखा ७/२ असेल तर तीन चालींत नेमके २१, तिथे डेक त्याच्याभोवती बांधायचा. कालियावर तलवारी चढवत बसणारे दोन डेक एकाच वेळी खेळू बघतात आणि दोन्ही अर्धे राहतात.

जुनापत्ता

+१. आणि टेबलाशी आधी बोला. २०२५ पासून डेकची ताकद सांगणारी पाच ब्रॅकेटची पद्धत आली आहे ती त्याच कामासाठी. कालिया दिसली की लोक गृहीत धरतात की तुम्ही चौथ्या टर्नला कुणालातरी संपवणार. तुमचा डेक तसा नसेल तर ते सुरुवातीला सांगितल्याने पुष्कळ फरक पडतो. तसा असेल तर तेही सांगावं.

रातवा

तीन आठवड्यांनी लिहितोय. नव्या डेकने पाच डाव झाले. दोन जिंकले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पाचही डावांत कालियाने चाल केली.

एक डाव सविस्तर सांगतो. तिसऱ्या टर्नला ग्रीव्ज टाकले. चौथ्या टर्नला चार लँड झाल्या आणि हात सवयीने कालियाकडे गेला. थांबलो. फेथलेस लूटिंग केलं, दोन कार्डं फेकली. पाचव्या टर्नलाही थांबलो. शेजारचा खेळाडू म्हणाला, ‘आज उतरवत नाहीस?’ आणि त्याने दोन माना मोकळे ठेवले. तेव्हा जुनापत्ता काय म्हणत होते ते कळलं. तो माझ्या न उतरलेल्या कार्डासाठी स्वतःची टर्न अर्धी खेळत होता.

सहाव्या टर्नला सहा लँड. आधी सायलेन्स. कुणाकडे उत्तर नव्हतं. कालिया, ग्रीव्ज, चाल. हातात मास्टर ऑफ क्रुएल्टीजही होता, पण समोर मोकळी क्रीचर होती, म्हणून रून-स्कार्ड डीमन आणला. त्याने रीॲनिमेट शोधून दिलं. आठ डॅमेज पडलं. एक माना उरला होता.

पुढच्याच खेळाडूने रॅथ ऑफ गॉड केलं. कालिया आणि डीमन दोघंही गेले. अपेक्षितच होतं, श्राउडचा रॅथपुढे उपयोग नाही. इथे मी कालियाला कमांड झोनमध्ये न घेता ग्रेव्हयार्डमध्येच राहू दिलं. माझ्या टर्नला रीॲनिमेट, एक माना, चार लाइफ. कमांड झोनमधून तिला सहा लागले असते. ग्रीव्ज टेबलावरच होते, ते चढवले, रॅथमुळे समोर कुणीच नव्हतं, मास्टर ऑफ क्रुएल्टीज. एक खेळाडू तिथेच बाद झाला. तो डाव मी जिंकलो.

कवडसा

कालियाला ग्रेव्हयार्डमध्ये ठेवणं धोक्याचं नाही का? कुणी बोजुका बॉग टाकून ग्रेव्हयार्डच एक्झाइल (खेळाबाहेर) केलं असतं तर?

नियमवही

तर ती एक्झाइलमध्ये गेली असती, आणि तिथे जाताच रातवाला पुन्हा विचारलं गेलं असतं की कमांड झोनमध्ये घ्यायची का. २०२० पासून नियम असा आहे: कमांडर ग्रेव्हयार्डमध्ये किंवा एक्झाइलमध्ये पोचला की मालकाला त्याच वेळी एकदा निवड मिळते. एका ठिकाणी नाही म्हटलं तर तिथल्यापुरतं ते पक्कं, नंतर मत बदलता येत नाही. पण जागा बदलली की निवड नव्याने. खरा धोका दुसराच आहे: कुणा दुसऱ्याने रीॲनिमेट करून तुमची कालिया स्वतःच्या बाजूला आणणं. रीॲनिमेट कुठल्याही ग्रेव्हयार्डमधून आणतं.

हुकुमएक्का

रातवा, डाव छान खेळलात. पण एक विचारतो. रॅथनंतरच्या टर्नला तुमच्याकडे किती लँड होत्या?

रातवा

सात. सातवी मी त्याच टर्नला टाकली.

हुकुमएक्का

मग कालिया कमांड झोनमध्ये घ्यायची होती. रीॲनिमेट डीमनवर: एक माना, सात लाइफ, आणि तो येताच आणखी एक कार्ड शोधून देतो. उरले सहा माना. टॅक्स धरून कालिया नेमकी सहाची. ग्रीव्ज शून्य. चाल तीच, मास्टर ऑफ क्रुएल्टीज तोच, खेळाडू तसाच बाद. शिवाय टेबलावर ६/६ डीमन आणि हातात एक जादा कार्ड. तीन लाइफ जास्त गेलं असतं, एवढंच. तुम्ही सहा माना न वापरता सोडले.

जुनापत्ता

हिशोब बरोबर आहे. पण निवड रॅथच्या क्षणी करायची होती, तेव्हा टेबलावर सहाच लँड होत्या. सातवी येईलच हे त्याला माहीत नव्हतं. सहांत दोन्ही बसत नाही. सातवी आली नसती, तर कमांड झोनमधली कालिया आणि ग्रेव्हयार्डमधला डीमन यांतलं एकच मिळालं असतं.

रातवा

दोघांनाही प्रामाणिकपणे सांगतो. सातवी लँड ओढलेली नव्हती. सहावी टाकली तेव्हाच ती हातात होती. मला माहीत होतं, मी बघितलं नाही. एका मानात कालिया परत येतेय याच आनंदात होतो.

आणखी एक विचारायचंय. रॅथ ज्याने केलं त्याच्याकडे काळा रंग होता. त्याच्याकडेही रीॲनिमेट असण्याची भीती धरून मी कालियाला लगेच कमांड झोनमध्ये घ्यायला हवं होतं का?

नियमवही

रॅथला त्याचे चार माना गेले होते. त्याच्याकडे एकूण किती लँड होत्या ते सांगा, मग उत्तर देता येईल.

रातवा

पाच. आणि पाचवी स्वॅम्प होती.